रंग लावू नये

वायंगबंदरात कुणालाही इंग्रजी कागद आला, की तो फिरत फिरत शेवटी गिरकरांच्या पडवीत यायचा. म्हणजे शाल्मलीपाशी. तसं पाहिलं तर २०४३ साल होतं, कागद समोर धरला की फोन धडाधडा मराठीत वाचून दाखवायचा. पण मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनबाई म्हणायच्या, "तो मेलो पोलीस स्टेशनात जबाब दिल्यासारखो बोलता. आमची शाल्मली बरी."

आमची शाल्मली सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला, आणि स्वतःवर भलतीच खूश. का नसावं? सातवीपर्यंत वर्गात तोंड उघडायची नाही ती मुलगी आता सोसायटीच्या सभेत उभी राहून बोलायची, आणि पन्नास-साठ वर्षांची माणसं विड्या विझवून ऐकायची. एकदा ही चव लागली, की "मला माहीत नाही" हे तीन शब्द जिभेवर येईनासे होतात. वर्षभरात तिनं ते एकदाही वापरले नव्हते.

त्यातली गाजलेली सभा आदल्या वर्षीच्या ऑगस्टातली. सरकारनं जुन्या होड्या बदलायची योजना आणली होती आणि प्रश्न एकच होता: नवी होडी कशाची घ्यायची.

"लाकडाची," बाबी मेस्त्री म्हणाले. सत्तरी ओलांडलेला हा सुतार, बंदरातल्या निम्म्या होड्या त्यांच्या हातच्या. "लाकूड धक्को खाता, मोडत नाय. मोडला तर मी हय आसय. फळी बदलली, फटीत कापूस ठासलो, झाला काम."

"आणि साग कुठून आणणार, मेस्त्रीकाका?" शाल्मली म्हणाली. "तोडबंदी आहे. शिवाय खाऱ्या पाण्यातला किडा दोन वर्षांत फळीची जाळी करतो."

"मगे फायबर घ्या," मागून कुणीतरी म्हणालं.

"फायबर हलकं, किडा लागत नाही, मान्य." शाल्मली बोटांवर मोजत पुढे निघाली. "पण उन्हानं त्याचे पदर सुटतात. आत पाणी शिरलं की वरून कळत नाही. आणि मेल्यावर कुजतही नाही, ती बघा, किनाऱ्यावर बावीस फायबरच्या होड्यांची मढी पडली आहेत. लोखंड मजबूत, पण गंज खातो आणि आपल्या खाडीच्या तोंडाशी एवढं जड अंग वाळूवरून जायचं नाही. अॅल्युमिनियम गंजत नाही, पण जोड उकलला तर वेल्डर थेट गोव्याहून आणा."

"म्हणजे काय पोहत जावचा?" रघुकाका म्हणाले, आणि सोसायटीची अख्खी शेड हसली.

रघुवीर गिरकर हे तिचे थोरले काका. तिचे बाबा वर्षातले दहा महिने तेलवाहू जहाजावर, त्यामुळे घरात बापाची जागा काकांची. पस्तीस वर्षं तांडेल, म्हणजे होडीचा हुकूम त्यांच्या तोंडचा. अंधारात, धुक्यात, कासवपाठ नावाच्या बुडीत खडकाच्या हातभर अंतरावरून ते होडी काढायचे. लोक म्हणत, रघूच्या डोळ्यांत घारीचं पाणी आहे.

त्या सभेत शाल्मलीनं पिशवीतून तळहाताएवढा करडा तुकडा काढला. कंपनीनं पाठवलेला नमुना. इंग्रजीत त्याचं नाव लांबलचक होतं, तिनं बारसं करून टाकलं होतं: जीवफळी.

जीवफळी म्हणजे अंबाडीच्या धाग्यांचे थर, आणि त्या थरांत झोपवून ठेवलेले कोट्यवधी जिवाणू. बियांसारखे, सुके, निजलेले. होडीला चीर गेली, की समुद्राचं पाणी आत शिरतं आणि हे जागे होतात. पाण्यातला चुना ओढून घेतात आणि चिरेत साठवतात, कालव जसं आपलं शिंपलं बांधतं तसं. तीस तासांत चीर पांढऱ्या रेघेनं भरून येते. एवढंच करायचं, की त्यांना श्वास घेऊ द्यायचा. फळीच्या पाठीवर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, त्यांतून पाणी झिरपत राहिलं की जिवाणू जिवंत. छिद्रं बुजली, की मेले.

"होडी स्वतःच मेस्त्री?" बाबी मेस्त्री तुकडा उलटासुलटा करत म्हणाले. "मगे माझा काय? मी भजनाक बसू?"

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अकरा जीवफळी होड्या बंदरात आल्या. पहिली रघुकाकांची, तिचं नाव 'निळाई'. सोबत कंपनीचं इंग्रजी पत्रक आलं आणि ते मराठीत करायचं काम अर्थातच शाल्मलीला.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळं इथेच घडलं. पत्रकात नियम होता, की या होडीवर कुठलंही कोटिंग करू नये. कोटिंग हा शब्द बंदरात कुत्र्यामांजरालाही कळतो. फायबरला कोटिंग करणारी माणसं आठवड्याला येत. पण शाल्मलीच्या मराठीच्या बाईंनी तिला म्हटलं होतं, एकही इंग्रजी शब्द न वापरता पत्रक केलंस तर शाळेच्या वार्षिकात छापू. कोटिंगला तिनं आधी लिहिलं 'लेप'. मग वाटलं, लेप काय, होडी काय तोंडाला हळद-चंदन लावून बसणार आहे? खोडलं. आणि झोकात लिहिलं: 'रंग लावू नये.'

पत्रक सोसायटीच्या भिंतीवर लागलं. अकरा घरांनी ते वेदवाक्य मानलं. एकानंही रंगाचा डबा उघडला नाही, होडीवर नावं घालायची तीसुद्धा पत्र्यावर लिहून खिळ्याविना दोरीनं बांधली. इतका आज्ञाधारकपणा वायंगबंदरानं पूर्वी कधी कुणाला दाखवला नव्हता.

मे अखेर मासेमारी बंद झाली आणि होड्या ओढून वर घेतल्या. पावसाळ्यासाठी होडी वर आली की तिला तेलपाणी करायचं, ही रीत कुणी शिकवावी लागत नाही. काजूच्या टरफलांचं काळं, जळजळीत तेल, हातावर पडलं तर कातडी सोलून काढणारं. बाबी मेस्त्री ते स्वतः आटवायचे. लेकराला न्हाऊ घातल्यासारखं घरातली माणसं होडीला तेल चोळत. तेलाला बंदरात कुणी कधी रंग म्हटलेलं नाही. तेल म्हणजे माया.

त्या सकाळी शाल्मली सिंधुदुर्गनगरीला निघाली होती. जिल्हा विज्ञान प्रदर्शन, विषय जीवफळी, तिला घ्यायला शाळेची गाडी आलेली. किनाऱ्यावरून काकांनी हाक मारली.

"शालू, गो, तेल चालात मा? तू रंगाचा लिवलंस, तेलाचा काय ता सांग."

तिला आत कुठंतरी टोचलं. अगदी बारीक, माशाचा काटा हिरडीत राहावा तसं. कंपनीला एक निरोप टाकला असता तर तासाभरात उत्तर आलं असतं. पण गाडी हॉर्न देत होती, आणि काकांच्या हाताखाली सहा माणसं ब्रश घेऊन तिच्याकडे बघत होती. अशा वेळी थांबून "विचारून सांगते" म्हणणं तिला फारच शाळकरी वाटलं.

"चालेल की. तेल नैसर्गिकच असतं, काका."

"बघलास?" काका ऐटीत माणसांना म्हणाले. "लावा रे."

प्रदर्शनात तिला पहिलं बक्षीस मिळालं.

ऑगस्ट उजाडला. बंदी उठली, तरी जुने लोक नारळी पौर्णिमेला सागराला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. रघुकाकाही थांबणार होते, पण कोळंबी लागल्याची बातमी होती आणि शाल्मली म्हणाली, "जा की खुशाल. जीवफळीला काय होतंय?" निळाई एकटी बाहेर पडली. तिसऱ्या पहाटे ती खाडीच्या तोंडापासून चार मैलांवर पाणी भरून कलंडली. काका आणि तीन खलाशी अडीच तास डब्यांना धरून तरंगले, मग तटरक्षक दलाच्या नावेनं उचललं. जीव वाचले. काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं दोरात सापडून चिरडली होती. निळाई अर्धी बुडालेली ओढत आणली.

होडीच्या अंगात बारीक तार विणलेली असते, ती प्रत्येक धक्का मोजते. कंपनीचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला: निघाल्या पहाटे, खाडीच्या तोंडाशी, उजव्या कुशीला एक मध्यम धक्का.

"कासवपाठ," कुणीतरी म्हणालं.

"नारळ द्यायच्या आधी गेलो," दुसरं म्हणालं.

काका ओट्यावर बसले होते, हाताला पांढरं बँडेज. त्यांना धक्का लागल्याचं आठवत नव्हतं. पण तार खोटं कशाला बोलेल? शेवटी ते म्हणाले, "आसात. वय झाला. नजर गेली."

कंपनीचा एक फॉर्मही आला होता. भरायला अर्थात शाल्मली. ती प्रश्न वाचत गेली, काका उत्तरं देत गेले. सातवा प्रश्न: होडीवर कसलंही कोटिंग केलं होतं का?

"काका," ती सवयीनं म्हणाली, "होडीला रंग लावला होता?"

"नाय गो. तूच लिवलंस मा, लावू नये म्हणान."

तिनं 'नाही'वर खूण केली. मग तिची नजर परत त्या इंग्रजी शब्दावर गेली आणि तिथंच खिळली. कोटिंग. रंग नव्हे. वरून चढवलेलं काहीही. तेलसुद्धा.

"काय झाला?" काकांनी विचारलं.

"काही नाही. पेन नीट चालत नाहीये."

फॉर्म स्क्रीनवर होता. पेन कुठलं आलंय? पण काकांनी मान डोलावली. शाल्मली म्हणाली म्हणजे पेन असणार. खूण तशीच ठेवून तिनं फॉर्म पाठवून दिला.

तिनं नमुन्याच्या तुकड्याचे करवतीनं दोन भाग केले, दोन्हींवर ब्लेडनं सारखी चीर पाडली. एकाला काजूतेल चोळून वाळवलं. मग दोन स्टीलच्या वाडग्यांत समुद्राचं पाणी घेऊन दोन्ही खिडकीत ठेवले आणि देवाला म्हणाली, दोन्ही भरून येऊ देत. मी चुकले नसेन तर बरं. म्हणजे बघा, काकांची नजर खरंच गेली असेल तर बरं, असा त्या प्रार्थनेचा अर्थ होत होता. हे कळलं तेव्हा तिनं प्रार्थना अर्ध्यावर सोडली.

तीस तासांनी साध्या तुकड्यावरची चीर भरून आली होती. पांढरी, नाजूक, नखानं खरवडली तरी न निघणारी रेघ. तेल लावलेल्या तुकड्यावरची चीर तशीच उघडी, काळी, ओठ विलग करून बसलेली.

म्हणजे काकांचं काही चुकलं नव्हतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा धक्का प्रत्येक होडीला महिन्यात दहादा बसतो, तांडेलाला तो जाणवतही नाही. फळी जिवंत असती तर तीस तासांत भरून आली असती. पण तेलानं तिची छिद्रं बुजली होती आणि आतले सगळे निजल्या जागी मेले होते. निळाई लाटांवर आपटत राहिली आणि चीर तीन दिवस वाढत राहिली.

आणि किनाऱ्यावर अजून दहा होड्या होत्या. सगळ्या तेल लावून चमकत, पौर्णिमेची वाट बघत. पौर्णिमेला नऊ दिवस होते.

सांगून टाकायला नऊ दिवस म्हणजे खूप झाले, असं तुम्हाला वाटेल. तिलाही वाटलं. उद्या सांगू. उद्या सकाळी काकीनं पेज वाढताना म्हटलं, "तू होतंस म्हणान अहवाल तरी समाजलो," आणि ते शब्द पेजेबरोबर गिळावे लागले. परवा बाबी मेस्त्री बोटांची चौकशी करायला आले. तेरवा शाळेच्या वार्षिकात पत्रक छापून आलं, तिच्या फोटोसह.

पाचव्या दिवशी काका एकटेच कणकवलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"म्हणता, नंबर वाढूक नाय. नजर बरी आसा." ते कडवट हसले. "तेका काय कळता? तो खोलीत पाटी दाखवता. दर्यात पाटी आसता?"

मग रोज संध्याकाळी एक नवाच प्रकार सुरू झाला. काका ओट्यावर बसत आणि किनाऱ्याकडे बोट करत.

"ती तिसरी, 'भराडी'. पलीकडची 'दर्यादीप'. बरोबर?"

"बरोबर, काका."

"तिच्या पाटी कोण उभो आसा? तिचो तांडेल, देवेंद्र मा?"

"हो, देवेंद्रदादाच."

"बघ नीट. माझ्यासाठी बोलू नको."

"देवेंद्रदादाच आहे, काका."

दीडशे पावलांवरच्या माणसाच्या शर्टाची बटणं त्यांना दिसत होती आणि ते तिला विचारत होते. शाळकरी मुलाला पाढे म्हणायला लावावेत तसं, फक्त मूल साठ वर्षांचं. ती एकेक "बरोबर" म्हणायची आणि प्रत्येक बरोबरनं आणखी खोल रुतायची. खरं म्हणजे एका वाक्यात ती त्यांना त्यांचे डोळे परत देऊ शकत होती. ते वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. फक्त त्याच्या सुरुवातीला 'मी' होतं.

आठव्या दिवशी, पौर्णिमेच्या आदल्या दुपारी, सोसायटीच्या शेडमध्ये सभा भरली. उद्या नारळ दिल्यावर दहा होड्या कुणाच्या मागून निघणार हे ठरवायचं होतं. अकरा वर्षं पहिली होडी रघुकाकांची असायची. काका उठले.

"माका सोडा. मी पुढे रवलंय तर दहाय होडये खडकार नेयन. देवेंद्राक पुढे करा. उद्यापासून मी तांडेल नाय."

चेअरमनबाईंनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं. शाल्मली मागच्या बाकावरून उठली, घरी धावत गेली आणि दोन वाडगे घेऊन परत आली. पाणी हिंदकळून तिचा कुर्ता भिजला होता.

"काय गो ता?" चेअरमनबाई म्हणाल्या. "सोलकढी?"

चारदोन जण हसले. शाल्मलीनं वाडगे टेबलावर ठेवले आणि बोलायला लागली. ती नेहमी बोलायची तसं नाही. हातवारे नाहीत, उदाहरणं नाहीत. कोटिंग शब्द होता, मी रंग लिहिला. काकांनी तेलाचं विचारलं, मी न विचारता चालेल म्हटलं. फॉर्मवर खोटी खूण केली. तेलानं फळी मरते, हा साधा तुकडा, हा तेलाचा. निळाई कासवपाठीवर आपटली नाही. उद्या या दहा होड्या गेल्या तर त्याही भरतील.

वाडगे हातोहात फिरले. देवेंद्रनं चिरेवरून नख फिरवलं, मग दुसऱ्या चिरेवरून. बाबी मेस्त्री तेलाचा तुकडा नाकाशी नेऊन कितीतरी वेळ हुंगत राहिले.

"माझा तेल," ते म्हणाले. "लाकडाक जगवणारा तेल."

"तेल तुमचं, पण शब्द माझा होता, मेस्त्रीकाका."

"चार माणसां मेली असती, चेडवा," मागून एक बाई म्हणाली. तिचा मुलगा निळाईवर खलाशी होता. आवाज चढवला नव्हता तिनं. शाल्मलीला वाटलं, चढवला असता तर बरं झालं असतं.

वाडगा शेवटी काकांपाशी आला. त्यांनी तो बँडेजच्या हातानं धरला, आत बघितलं आणि खाली ठेवला.

"ह्या तुका कधी कळला?"

"अहवालाच्या तिसऱ्या दिवशी."

"म्हणजे मी कणकवलीक गेलंय, तेच्या आधी."

"हो."

"आणि रोज सांजवेळी मी तुका होडयांची नावां विचारी होतंय, तेवा तुका म्हायत होता."

तिनं होकारार्थी मान हलवली.

"तेलाचा जाव दे," काका म्हणाले. "लिवताना चूक होता, बोलताना होता. मीय दर्यात शंभर चुकी केलंय. पण तू माका आंधळो होव दिलंस, शालू. शेजारी बसान."

बाहेर दोर खांबाला घासत होता. क्षमा वगैरे शब्द कुणी काढला नाही, आणि तिनंही मागितली नाही. मागायचं म्हणजे परत स्वतःविषयीच बोलायचं. काकांनी तिच्याकडे पाठ केली आणि चेअरमनबाईंना म्हणाले, "वहीत लिवलास ता खोडा. आणि उद्या एकय होडी पाण्यात जावची नाय. नारळ देवया, होडये नाय."

"आणि पुढे काय रे रघू?" चेअरमनबाईंनी विचारलं. "तेल खरवडला तर फळी परत जिती होतली काय?"

सगळ्यांच्या माना आपोआप शाल्मलीकडे वळल्या. वर्षभराची सवय. तिच्या डोक्यातही सवयीनं उत्तर तयार व्हायला लागलं होतं. वरचा थर घासला, नवे जिवाणू सोडले, तत्त्वतः शक्य आहे. छान वाटत होतं उत्तर. पटण्यासारखं.

काकांनी मागे वळून न बघता विचारलं, "सांग. म्हायत आसा?"

"माहीत नाही," शाल्मली म्हणाली.

"मगे विचार."

"आत्ता?"

"आत्ता. हयच. सगळ्यांका ऐकाक येवंदे."

तिनं फोन टेबलावर दोन वाडग्यांच्या मधे ठेवला आणि कंपनीचा नंबर लावला. साठ माणसं पुढे सरकली. काका मात्र सरकले नाहीत, ते शेडच्या दाराशी जाऊन समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. पलीकडून कुणीतरी इंग्रजीत नाव विचारलं, काम विचारलं.

"मी वायंगबंदराहून बोलते आहे," शाल्मली म्हणाली. मराठीत म्हणाली, सगळ्यांना कळावं म्हणून. "तुमच्या पत्रकाचं मराठी मी केलं होतं. ते चुकलं आहे. फॉर्मवर सातव्या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं, तेही खोटं आहे. तुमच्याकडे मराठी कळणारं कुणी असेल तर जोडून द्या. मी थांबते."